दसऱ्याची डिलिव्हरी

माझ्या हाताला मारायची सवय होती. हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो ते इंग्रजीत, कॅनडातल्या मिल्टन गावच्या एका कम्युनिटी सेंटरच्या तळमजल्यावर, माझ्यासारख्याच अकरा पुरुषांसमोर. कोर्टाने पाठवलं होतं म्हणून बोललो. मराठीत लिहायला त्यानंतर चार वर्षं गेली, आणि मधे एक गाडी आली, जी माझी झाली नाही.

आधी सवयीचं सांगतो. चिंचवडला वडिलांचा छोटा वर्कशॉप होता. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला लेथचा जुना पट्टा. मशीनसाठी तो निकामी झाला होता, माझ्यासाठी चांगला चालू होता. मार्क कमी पडले, दूध सांडलं, आईने मला पाठीशी घातलं, कुठलंही कारण पुरायचं. पट्टा पाठीवर पडला की आधी आवाज यायचा आणि मग आग व्हायची. त्या दोन्हींच्या मधल्या क्षणात दात आवळायला मी शिकलो होतो.

वर्षातून एकदाच तो पट्टा खिळ्यावरून खाली यायचा आणि कुणाला लागायचा नाही. खंडेनवमीला वडील सगळी मशीनं पुसून, तेल घालून, हळदकुंकू वाहून त्यांना झेंडूच्या माळा घालायचे. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसरा संपेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पान्हे, हातोड्या, कानशी यांच्या ओळीत तो पट्टाही असायचा. त्यालाही कुंकू लागायचं. एका दसऱ्याला माझ्या हातून त्यांचं मोजमापाचं महागडं वर्नियर खाली पडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशी सकाळी आठवणीने मारलं. तरीही दसरा हा माझा सगळ्यात लाडका सण राहिला. लोकांना तो आपट्याच्या पानांसाठी आवडतो, मला न मारण्यासाठी आवडायचा.

पुढे मी इंजिनिअर झालो, पुण्यात गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन केले, मग कॅनडात आलो आणि गिअरबॉक्स तपासणाऱ्या एका लॅबमध्ये लागलो. मिल्टनला नव्या वस्तीत घर घेतलं. पट्टा चिंचवडला राहिला, असं मी समजत होतो.

मुलगी अकरा वर्षांची असतानाची गोष्ट. पहिला बर्फ पडला आणि बायको विंटर टायर्सची अपॉइंटमेंट घ्यायला विसरली होती. एवढंच. संध्याकाळी ती ओट्याशी कणीक मळत होती आणि मी तिच्या मागे उभा राहून ओरडत होतो. ती न वळता म्हणाली, "गाडी तू चालवतोस, टायर तुझे. फोन तूच करायचास." तिचं बरोबर होतं, म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी "तोंड बंद कर!" असं किंचाळलो आणि हाताशी आलेला स्टीलचा तांब्या फेकला. ती नेमकी तेव्हाच वळली. तांब्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात आलं, गालावरून हनुवटीला आलं, मग परातीतल्या कणकेवर पडायला लागलं.

मुलीने वॉशरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि ९११ ला फोन केला. पोलीस आले तेव्हा बायको कपाळाला टॉवेल लावून म्हणाली, "कॅबिनेटचं दार लागलं." पोलिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. तेवढ्यात मुलगी वॉशरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, "नो. ही थ्रू इट अ‍ॅट हर." मला ड्राइव्हवेवर हातकड्या घातल्या. समोरचा शेजारी बर्फ शोव्हल करता करता थांबला आणि पोलिसांनी माझं डोकं हाताने दाबून मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवेपर्यंत बघत राहिला.

बायकोच्या भुवईला पाच टाके पडले. मी चार महिने ब्रॅम्प्टनला एका बेसमेंटमध्ये काढले, दर मंगळवारी त्या अकरा जणांत बसलो, वर्षभर शांततेने वागेन असं कोर्टाला लिहून दिलं. मग बायकोने मला परत घेतलं, ते एका अटीवर. वाक्य तिने पाठ करून आणलं असावं, कारण म्हणताना ती एकदाही अडखळली नाही. "एकदा जरी हात उचललास, माणसावर, भिंतीवर, ताटावर, कशावरही, तर मी हिला घेऊन जाईन आणि बोलायला बसणार नाही. मला माझी भीती नाही वाटत. ही बघतेय. हिने हे शिकायला नको."

"नाही शिकणार," मी म्हणालो. तिने हे शिकू नये, एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात मनापासून मागितली.

आता गाडी. एका जपानी कंपनीची दोन दारांची स्पोर्ट्स कार होती, सहा गिअरची, मॅन्युअल. असल्या गाड्या आता जवळजवळ संपल्यात. तिचा गिअर पडताना मनगटाला जो बारीकसा खट्ट असा धक्का बसतो, तो मी लॅबमध्ये शेकडो वेळा मोजला होता आणि रस्त्यावर एकदाही अनुभवला नव्हता. वर्षाला एका डीलरला दोनच मिळायच्या. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दोन वर्षांची वेटिंग लिस्ट आहे ना? मग लाव नंबर. न ओरडता थांबता येतं का तुला, ते तरी कळेल."

मी थांबलो. दोन वर्षं आणि वर दोन महिने थांबलो.

डीलरशिप आमच्यापासून पाऊण तासावर. तिथे विक्रीला असलेली बाई कोल्हापूरची निघाली. नाव वाचून तिने पहिलाच प्रश्न मराठीत टाकला, "दादा, कुठले तुम्ही?" आणि मी विरघळलो. फ्रिज घेतानासुद्धा वॉरंटीच्या अटी पेनाने अधोरेखित करणारा मी माणूस. पण तिने सांगितलं, "कंपनीची जी किंमत आहे त्याच्यावर एक डॉलर घेणार नाही दादा, शब्द देते," आणि मी तो शब्द घेऊन घरी आलो. लिहून मागण्यात मला अपमान वाटला, तिचा नव्हे, माझाच. दोन दिवाळ्यांना तिच्याकडे चिवडा-लाडवाचा डबा पोचवला.

आणि तिला मुहूर्त सांगितला. गाडी दसऱ्याला हातात हवी, दुपारी दोन ते पावणेतीन, पूजा तुमच्याच पार्किंगमध्ये करू. वेळ चुकली तर मी गाडी घेणारच नाही, इतकंही बोलून गेलो. मला वाटलं, असं ठासून सांगितलं की ते वेळ पाळतील. आपण आपली दुखरी नस आपणच दाखवतोय, हे मला सुचलं नाही, कारण ती मला दादा म्हणत होती.

दसऱ्याला मी रजा टाकली, मुलीला शाळेतून लवकर आणलं. ती आता चौदा वर्षांची, माझ्याहून दोन इंच कमी, हुडीच्या बाहीत हात लपवून चालणारी. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बायको रेशमी साडीवर जाड जॅकेट घालून आली होती. पूजेची पिशवी मुलीकडे होती. हळद, कुंकू, चाकांखाली ठेवायला चार लिंबं, झेंडूची माळ आणि ब्रॅम्प्टनच्या ग्रोसरीतून मी वाजवून निवडून आणलेला शेंडीचा नारळ.

गाडी धुऊन उभी होती. निळी-करडी, बुटकी. मी आत बसलो, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. खट्ट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने ते पाहिलं आणि तिने, तीन वर्षांत पहिल्यांदा, माझ्या मानेवर हात ठेवला. मी दचकलो नाही. तीही नाही.

कोल्हापूरची बाई म्हणाली, "दादा, दोन मिनिटं बसा हं, फक्त सह्या राहिल्यात." तिने माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही बसलो. दोन वाजले. दोन वाजून दहा मिनिटं झाली. दोन वाजून वीस मिनिटांनी आम्हाला काचेच्या भिंतींच्या एका खोलीत बोलावलं.

आत फायनान्स मॅनेजर. माझ्याच वयाचा, टक्कल पडलेला, पातळ निळा टाय. त्याने कागद टेबलावर फिरवून माझ्यासमोर सरकवला. कंपनीच्या किमतीखाली सात ओळी जास्त होत्या. पहिल्या ओळीत 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट', पंधरा हजार डॉलर. ही गाडी दुर्मीळ आहे, म्हणून तिची किंमत आम्ही ठरवतो, असा त्याचा साधा अर्थ. मग गंज थांबवणारं विजेचं यंत्र. काचांवर कोरलेला नंबर. चाकांची खास कुलपं. रंगावरची फिल्म. सीटवर मारलेला फवारा. आणि टायरमधला नायट्रोजन.

"नायट्रोजन?" मी विचारलं. "हवेत बहुतेक नायट्रोजनच असतो."

"दिस इज प्युअर," तो म्हणाला.

मला यातलं काहीही नको, असं मी सांगितलं. तो म्हणाला, सगळं आधीच बसवलंय, काढता येत नाही. कंपनीच्या किमतीचा शब्द दिला होता, असं म्हटल्यावर तो म्हणाला, कागद दाखवा. जाहिरातीतल्या किमतीवर वरून काही लावता येत नाही असा आमच्या ऑन्टारियो प्रांताचा नियम आहे, हेही मी त्याला ऐकवलं. तो हसला. "आम्ही जाहिरात केलीच नाही. या गाडीला जाहिरात लागत नाही." मग त्याने फोन उचलून दाखवला. ही गाडी घ्यायला दुसरा एक माणूस तयार आहे, हो म्हणा, नाही म्हणा, त्याला कळवतो.

मी मनात त्याला मारायला सुरुवात केली.

हे मी लपवणार नाही. टेबलावर स्टेपलर होता. तो मी त्याच्या कानशिलात घातला. मग काचेच्या टेबलावर त्याचं तोंड आपटलं, काच तडकेपर्यंत, मग तडकल्यावरही. मग आम्ही चिंचवडला होतो आणि त्याचा निळा टाय लेथच्या फिरत्या जबड्यात, चकमध्ये, अडकला होता आणि चक त्याला इंचाइंचाने ओढत होता आणि मी बंद करायचं बटण माहीत असून दाबत नव्हतो. सगळं इतकं स्पष्ट दिसलं की मला त्याच्या टायला तेलाचा वास आला. प्रत्यक्षात मी दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून बसलो होतो. तळमजल्यावर शिकवलं होतं तसे पाय जमिनीला घट्ट टेकवले, शंभरातून सात-सात वजा करत उलटं मोजायला लागलो. त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. हात शिवशिवत होते. बायको माझ्या हातांकडे बघत होती, कागदाकडे नाही. मुलगीही माझ्या हातांकडेच बघत होती.

मॅनेजरने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "तुमचा तो शुभ टाइम," तो म्हणाला, आणि 'शुभ' हा शब्द त्याने व्यवस्थित उच्चारला, "पावणेतीनला संपतो ना? बारा मिनिटं आहेत."

मी काचेतून बाहेर पाहिलं. कोल्हापूरची बाई शोरूमच्या मधोमध उभी होती. तिने मान खाली घातली.

बाहत्तर. पासष्ट. डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. मघाचं वेगळं होतं, हे रागाचं होतं, आणि ते गालावर उतरलं तेव्हा पुसायला मी हात उचलला नाही. हात मांडीवरून निघाला तर कुठे जाईल याची मला खात्री नव्हती.

मॅनेजरने ते पाहिलं. तो बायकोकडे वळला आणि हसत हसत म्हणाला, "मॅडम, यू टॉक टू हिम. आय थिंक ही इज गोइंग टू क्राय."

माझ्या उजवीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

मुलगी उभी राहिली होती. पिशवी जमिनीवर पडली, कुंकवाची डबी उघडून सांडली, आणि ती ओरडली, "तोंड बंद कर!" मराठीत. शब्द माझे, वरची पट्टी माझी, शेवटी आवाज फाटतो तोही माझा. आणि हात खांद्याच्या मागून जसा माझा येतो तसाच आला. नारळ चार फुटांवरून त्याच्या तोंडावर बसला.

आवाज ओला होता. तो खुर्चीसकट मागे गेला, डोकं काचेच्या भिंतीला धडकलं, काच थरारली पण फुटली नाही. तो पुढे वाकला तेव्हा वरचा ओठ मधोमध उभा फाटलेला होता. त्याने तळहात तोंडाखाली धरला आणि त्यात रक्ताबरोबर दात पडला. त्याने दाताकडे असं पाहिलं, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा असावा. रक्त टायवर आलं, टायवरून कागदावर, त्या सात ओळींवर. नारळ फुटला नव्हता. तो गडगडत टेबलाखाली गेला आणि माझ्या बुटाला लागून थांबला. शेंडीला रक्त होतं, आणि सांडलेलं कुंकूही.

मी मुलीकडे पाहिलं. तिचे खांदे खाली-वर होत होते, मुठी अजून वळलेल्या. पण चेहरा शांत होता. मोकळा झाला होता. तो चेहरा मला आतून माहीत होता.

बायको तिच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

कोल्हापूरची बाई टिश्यूचा डबा घेऊन धावत आली. मॅनेजरने तिला हाताने बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. मूठभर टिश्यू तोंडात कोंबले. आणि मी आजवर पाहिलेल्या सगळ्या विक्रेत्यांपेक्षा हा माणूस मोठा आहे हे मला त्या क्षणी कळलं, कारण त्याने रक्ताळलेला कागद बाजूला केला, प्रिंटरमधून नवीन काढला, माझ्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. शब्द चोथ्यासारखे येत होते, पण कळत होते. तुम्ही सही करा. सगळ्या ओळींसकट, आणि दाताचा खर्च वेगळा. मी पोलिसांना बोलावणार नाही. कुणी विचारलं तर सांगेन, "आय वॉक्ड इंटू द डोर." दार लागलं.

बायको लगेच म्हणाली, "सही कर." तिने पेन माझ्याकडे सरकवलं. "ऐक माझं. चौदा वर्षांची आहे ती. रेकॉर्ड होईल. सही कर आणि घरी जाऊ."

मी पेन उचललं. खोटं कशाला सांगू, उचललं. पंधरा हजार आणि वरचे, घर गहाण पडलं असतं तरी मी त्या क्षणी दिले असते. गाडी बाहेर उभी होती. मुहूर्ताची अजून सहा मिनिटं होती. लेकरू सुटत होतं.

पण ते दार मला ओळखीचं होतं. स्वयंपाकघरातलं दार होतं ते. त्या दिवशी पोलिसांनी त्या दारावर विश्वास ठेवला असता तर मी कृतज्ञतेने बायकोच्या कपाळाला हळद लावली असती, आठवडाभर तिच्यासाठी चहा केला असता, आणि पुढचा तांब्या वर्षाच्या आत फेकला असता. मला दुसऱ्या कुणी नाही, अकरा वर्षांच्या पोरीने अडवलं होतं. आता ती माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होती. मुठी सुटल्या होत्या. तिला वाटत होतं की सुटलो आपण.

मी पेन खाली ठेवलं आणि फोन काढला.

"अ‍ॅम्ब्युलन्स हवी आहे," मी इंग्रजीत म्हणालो, "आणि पोलीस." पलीकडच्या बाईने विचारलं, कुणी मारलं? मी मुलीकडे पाहिलं. तिने पुन्हा विचारलं.

"माझ्या मुलीने," मी म्हणालो.

"आर यू सीरियस?" मुलगी म्हणाली. मग ओरडली, "आय डिड इट फॉर यू! यू आर कॉलिंग ऑन मी?"

आणि बायकोने माझ्या थोबाडीत मारली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पहिल्यांदाच. फोन हातातून उडाला. कानात शिट्टी वाजायला लागली. तिने दुसऱ्यांदा हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. ती स्वतःच्या तळव्याकडे बघायला लागली आणि मग तिथेच, सांडलेल्या कुंकवात, जमिनीवर बसली. फोनमधली बाई जमिनीवरून विचारत होती, सर, तिथे अजून कुणाला लागलंय का?

पोलीस आले. मुलीला हातकड्या घातल्या नाहीत. पण गाडीत बसवताना त्या पोलिसाने तिचं डोकं तसंच, हाताने हलकं दाबून खाली केलं. ती मागच्या सीटवर बसली आणि तिने काचेतून माझ्याकडे असं पाहिलं की मला चिंचवडचा तो मुलगा आठवला, जो दात आवळून वडिलांच्या मरणाची वाट बघायचा.

पावणेतीन वाजून गेले होते. गाडी त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणी नेली. माझी अनामत रक्कम बऱ्याच पत्रव्यवहारानंतर परत आली. कोल्हापूरच्या बाईचा एक मेसेज आला, "दादा, माफ करा, माझा वर्क परमिट त्यांच्या हातात आहे." मी उत्तर दिलं नाही. आज दिलं असतं.

बायको मुलीला घेऊन मिसिसागाला मैत्रिणीकडे गेली. अट मी मोडली नव्हती, तरीही गेली. तीन आठवड्यांनी दोघी परत आल्या. बायकोने बॅग जिन्याशी ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तू बरोबर केलंस की चूक, मला अजून कळत नाही. कळेल असं वाटतही नाही. पण मी त्या वेळी दार लागलं म्हणाले, ते तिच्यासमोर म्हणाले. ते चुकलं माझं." मग ती वर गेली. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.

वय लहान आणि पहिलाच गुन्हा, म्हणून मुलीची केस कोर्टात उभी राहिली नाही. त्या माणसाला माफीचं पत्र, दाताचा खर्च, आणि बारा गुरुवार राग आवरण्याचे वर्ग. जागा तीच, तोच तळमजला, त्याच गोल मांडलेल्या खुर्च्या. फक्त मुलं-मुली पंधरा-सोळाची. मी तिला आमच्या जुन्या व्हॅनमधून नेतो-आणतो. ती पुढे बसत नाही. मागे बसते, कानात इअरफोन घालून, आणि मी आरशातून तिच्या कपाळाचा तेवढा तुकडा बघत गाडी चालवतो. सात गुरुवार ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझे कान तयार होते शिव्यांनाही. त्याही आल्या नाहीत.

आठव्या गुरुवारी परत येताना आम्ही सिग्नलला थांबलो होतो. तिने एक इअरफोन काढला.

"बाबा. आईला ते फेकून मारलंस तेव्हा. हाउ डिड इट फील? राइट देन. नॉट आफ्टर."

या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. अकरा पुरुषांसमोर मी ते दहा वेळा दिलं होतं. लाज वाटली, भीती वाटली, स्वतःची घृणा वाटली. आरशात तिचे डोळे दिसत होते आणि ते खोटं ओळखणारे डोळे होते, पहिल्यापासून.

"नंतर लाज वाटली," मी म्हणालो. "पण तेव्हा, त्या क्षणाला, बरं वाटलं होतं. खूप बरं वाटलं होतं."

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"मला पण," ती म्हणाली. मराठीत.

सिग्नल हिरवा झाला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी ब्रेकवर पाय दाबून बसून राहिलो.